मुक्या जनावरांची शिकवण

(ज्युबिली सोहळ्यानिमित्त सायंकाळच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आजच्या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, तेव्हां विषय कोणता घ्यावा हा प्रश्न पडला. धर्मग्रामाचा इतिहास सांगण्यास आमच्याहून अधिक जाणते वडीलधारे येथें बसलेले आहेत, आणि उपदेशाचें काम तर वेदीवरून नित्य चाललेंच आहे. म्हणून 'ज्युबिली' ह्या शब्दाकडेच वळून पाहिलें, आणि त्या शब्दाच्या पोटांतच आमचा विषय सांपडला. हा शब्द मुळांत हिब्रू भाषेंतला. त्या भाषेंत 'योबेल' म्हणजे मेंढा, आणि त्यावरून मेंढ्याचें शिंग. पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकून देशभर मुक्ततेचा पुकारा करावा, अशी आज्ञा लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत आहे. म्हणजे आपण ज्या नांवाचा उत्सव करीत आहों, तें नांवच एका जनावरानें आपल्याला दिलेलें आहे! त्याच अध्यायांत आणखी एक गोष्ट सांगितली आहे. दर सातव्या वर्षीं जमीन पडीत ठेवावी, आणि तींत जें आपोआप उगवेल तें धन्यानें, दासदासींनीं, मजुरानें व परक्यानें खावें. इतकेंच नव्हे, तर घरच्या गुराढोरांनीं आणि रानांतल्या श्वापदांनींहि खावें. देवाच्या पंगतींत बैलाचें पान मांडलेलें आहे, हें आपण पुष्कळ वेळां विसरतों.

जनावरांपासून शिकण्याची चाल फार जुनी. नीतिसूत्रांत आळशी माणसाला मुंगीकडे पाठविलें आहे. ईयोब आपल्या पंडित मित्रांना पशुपक्ष्यांस विचारण्यास सांगतो. आपल्याकडे पंचतंत्र आणि हितोपदेश, तिकडे इसाप. ह्या गोष्टी आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकल्या आहेत. पण खरें बोलावयाचें तर त्या गोष्टींतला कोल्हा हा कोल्हा नव्हेच. कोल्ह्याचें कातडें पांघरलेला तो आपल्याच आळींतला एखादा गृहस्थ असतो. माणसानें आपलेच गुणदोष जनावराच्या गळ्यांत बांधावे, आणि मग तेच त्याच्यापासून शिकलों म्हणून सांगावें, ह्यांत करमणूक पुष्कळ असली तरी शिक्षण थोडें. जनावरापासून कांहीं शिकावयाचें असेल, तर आधीं त्याच्याकडे नीट पाहिलें पाहिजे.

नीट पाहणारी एक बाई आपल्याच खानदेशांत होऊन गेली. जळगांवजवळच्या आसोदें गांवीं १८८० सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी ह्यांस अक्षरओळख नव्हती. शेतांत राबतांना, जात्यावर दळतांना त्या गाणीं रचीत. १९५१ सालीं त्या वारल्या, आणि १९५२ सालीं तीं गाणीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. सुगरणीच्या खोप्यावरील त्यांचें गाणें मराठी घराघरांत ठाऊक आहे. त्यांत त्यांनीं पांखराच्या कारागिरीकडे आणि आईच्या मायेकडे बोट दाखविलें आहे. आतां ह्याच पांखराचा पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनीं १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीम येथें बारकाईनें अभ्यास केला. त्यांना असें दिसलें कीं, खोपा विणतो तो नर. खोपा अर्धामुर्धा झाला म्हणजे मादी येऊन तो तपासते; पसंत पडला तर राहते, नाहीं तर उडून जाते. म्हणून बहिणाबाईंचें गाणें खोटें ठरतें काय? मुळींच नाहीं. अंडीं उबविण्याचा सारा भार मादीच वाहते, आणि मायेची साक्ष तेथें पुरेपूर आहे. पण आम्हां पुरुषमंडळींना त्या नराकडूनहि कांहीं घेण्यासारखें आहे. एवढ्या कष्टानें विणलेलें काम कोणीतरी येऊन पाहतें आणि नापसंत करून जातें, आणि हा कांहीं न बोलतां पुन्हां गवताची पाती आणावयास निघतो! आपल्यापैकीं कितीजणांना हें साधलें असतें, हें ज्यानें त्यानें आपल्या घरीं विचारावें.

जळगांवकडून धुळ्याकडे वळूं. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबा भावे हे सत्याग्रही कैदी होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारीं एक, अशीं त्यांनीं गीतेवर १८ प्रवचनें केलीं, आणि पूर्वीं अमळनेर येथें शिक्षक असलेले साने गुरुजी ह्यांनीं तीं जागच्या जागीं लिहून घेतलीं. त्यांतील दहाव्या प्रवचनांत, गाय, घोडा, एवढेंच नव्हे तर सिंह आणि सर्प ह्यांच्या ठिकाणींहि परमेश्वर ओळखावयास शिकावें, असें त्यांनीं आपल्या सोबत्यांना सांगितलें. आपल्या श्रद्धेप्रमाणें निर्माता आणि निर्मिति ह्यांत जो भेद आहे, तो आपण सोडूं शकत नाहीं. बैल हा देव नव्हे, देवानें घडविलेला प्राणी आहे. परंतु घडविलेल्या वस्तूवर घडविणाऱ्याच्या बोटांचे ठसे असतात, हें मान्य करण्यास आपल्याला कोणती अडचण आहे? १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथांत तर स्पष्टच म्हटलें आहे कीं, पशु हे आपल्या नुसत्या असण्यानेंच देवाची स्तुति करतात, आणि मनुष्य त्यांच्याशीं ममतेनें वागण्यास बांधलेला आहे. विनोबांनींहि पुढें 'ख्रिस्तधर्म-सार' ह्या नांवानें नव्या करारांतील वचनांचें संकलन केलें, हें येथें सांगितलें पाहिजे.

परंतु खानदेशांत जनावर म्हटलें कीं डोळ्यांपुढें प्रथम उभा राहतो तो बैल. तापी, गिरणा, पांझरा, बोरी ह्या नद्यांच्या कांठची काळी जमीन, तींतला कापूस आणि ज्वारी, हें सारें पिढ्यान् पिढ्या त्याच्याच खांद्यावर उभें राहिलें. आज त्याची जागा पुष्कळ ठिकाणीं ट्रॅक्टरनें घेतली आहे, आणि ज्या दारांत चार बैल होते तेथें दावण रिकामी दिसते. तरी १९७२ च्या दुष्काळांत दावणीचे बैल बाजारांत न्यावे लागले, त्या दिवशीं घरांत चूल पेटली नाहीं, असें सांगणारीं माणसें अद्याप आपल्यांत आहेत. असा हा बैल आपल्याला काय शिकवितो? 'कष्ट करावे' हें उत्तर कोणीहि देईल. आम्हांस तें पुरेसें वाटत नाहीं. कष्ट तर त्याच्याकडून आपण करवून घेतों. त्यांत त्याची शिकवण ती कोणती?

यशया संदेष्ट्यानें आपल्या ग्रंथाच्या आरंभींच वेगळें उत्तर दिलें आहे. बैलाला आपला धनी कळतो आणि गाढवाला आपली गव्हाण कळते, पण देवाच्या प्रजेला आपला देव कळत नाहीं, अशी त्याची तक्रार आहे. ज्यांनीं बैलगाडींतून प्रवास केला आहे त्यांना ह्याचा अर्थ समजावून सांगावयास नको. रात्रीं बाजारांतून परततांना गाडीवानाचा डोळा लागतो, कासरा हातांतून सुटतो, आणि बैल आपले सरळ चालत येऊन दारांत उभे राहतात. भाकर कोठें आहे, पाणी कोठें आहे, आणि तें कोणाच्या हातून मिळतें, हें त्यांना पक्कें ठाऊक असतें. बंधुभगिनींनो, नाताळच्या गोठ्यांत आपण बैल आणि गाढव मांडतों. पण लूकच्या शुभवर्तमानांत गव्हाण आहे, बैल व गाढव नाहींत. ते आले ते यशयाच्या ह्या तक्रारींतून. १२२३ सालीं असिसीकर संत फ्रान्सिस ह्यांनीं इटलींतील ग्रेच्चो गांवीं नाताळचा देखावा केला, तेव्हां त्यांनीं गवतानें भरलेल्या गव्हाणीशीं खराखुरा बैल आणि खरेंखुरें गाढव आणून उभें केलें होतें. तीं दोन जनावरें तेथें शोभेसाठीं उभीं नसतात; बेथलेहेमच्या माणसांनीं दार लावून घेतलें असतां धनी कोणाला कळला, ह्याची तीं साक्ष देतात.

ह्याचीच दुसरी बाजू अशी कीं, बैलाला धनी कळतो, पण धन्याला बैल कळतो काय? श्रावणी अमावास्येच्या आदल्या दिवशीं खांदेमळणी होते. हळद-लोण्यानें बैलाचा खांदा चोळतात. जुवाचा घट्टा जेथें पडला तेथें धन्याचा हात वर्षांतून एकदां तरी फिरतो. दुसऱ्या दिवशीं पोळा. शिंगांना रंग, अंगावर झूल, गळ्यांत घुंगरमाळा, नवी वेसण, तोंडांत पुरणपोळी. आणि त्या दिवशीं मानेवर जूं नाहीं. आपल्यांतील जे आधींपासून ह्या मातींतले आहेत त्यांना हा सण जवळचा, आणि जे रेल्वेच्या किंवा नोकरीच्या निमित्तानें भुसावळ-जळगांवकडे आले त्यांनींहि तो कौतुकानें पाहिलेला आहे. पण आपण पवित्र शास्त्र उघडलें तर काय दिसतें? विश्रांतिवाराची आज्ञा देतांना देवानें बैलाचें आणि गाढवाचें नांव घेऊन त्यांना विसावा मिळावा असें सांगितलें आहे. पोळा वर्षांतून एक. देवानें नेमला तो आठवड्यांतून एक! शिवाय अनुवादाच्या ग्रंथांत आणखी एक बारीकशी आज्ञा आहे कीं, मळणी करणाऱ्या बैलाच्या तोंडाला मुसकी बांधूं नये. यंत्रें येण्यापूर्वीं आपल्या खळ्यांत तिवड्याभोंवतीं बैलांची पात फिरत असे, तेव्हां पायांखालच्या कणसाला बैलानें तोंड लावूं नये म्हणून मुसकी घालणारे शेतकरी होते, आणि हातांतली मुसकी मुद्दाम घरीं विसरून येणारेहि होते. संत पौलानें करिंथकरांस लिहितांना ही आज्ञा घेऊन विचारलें आहे कीं, देवाला काळजी बैलांचीच आहे काय? आणि ती राबणाऱ्या माणसांना लागू केली आहे. आमच्या खानदेशी शेतकऱ्याला विचारलें असतें तर तो म्हणाला असता, 'दोघांचीहि आहे, महाराज!'

येथें आम्ही आमच्या मुख्य मुद्द्यावर येतों, आणि तो थोडा कडू आहे. बैलाच्या मागें चालणारा सालदार आपल्याला ठाऊक आहे. खानदेशांत आखाजीला त्याचें साल पुरें होतें, हिशेब होतो, आणि नव्या सालासाठीं तो त्याच किंवा दुसऱ्या दारीं बांधला जातो. आपल्यांपैकीं कित्येकांच्या घराण्यांत वाडवडिलांनीं सालदारकी केलेली आहे. कित्येकांच्या घरीं आज दुसऱ्याचीं मुलें राबत आहेत. पोळ्याच्या दिवशीं बैलाला पुरणपोळी आणि सालदाराला शिळी भाकर, अशीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. उलट, त्याच दिवशीं सालदाराला नवे कपडे करून मालकाच्या पाटाशेजारीं त्याचा पाट मांडणारीं घरेंहि पाहिलीं आहेत, आणि त्या घरांतले बैल दुरूनच ओळखूं येतात. त्यांच्या अंगावर पराणीचे वण नसतात. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनीं २४ मे २०१५ रोजीं दिलेल्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रांत हेंच सांगितलें आहे कीं, मुक्या जिवांशीं केलेला निर्दयपणा आज ना उद्यां माणसांशीं वागण्यांत उतरतोच. आमचें निरीक्षण तर असें आहे कीं, तो दोन्ही वाटांनीं उतरतो. सालदार गेला असेल तेथें रोजंदारीचा मजूर आला आहे. रावेर-यावलच्या बागांतून केळीचे घड डोक्यावर वाहणारा, वीटभट्टीवर सहकुटुंब राहणारा, आपल्या घरीं भांडीं घासावयास येणारी बाई, हीं सर्व त्याच खळ्यांत फिरत आहेत. त्यांना रविवार आहे काय? आजारपणांत त्यांचा खाडा धरतों काय? मुसकी सुताचीच असते असें नाहीं.

गणनेच्या ग्रंथांतील बलामाची गोष्ट आपण ऐकली आहे. वाटेंत देवदूत उपसलेली तरवार घेऊन उभा आहे, हें संदेष्ट्याला दिसत नाहीं. त्याच्या गाढवीला दिसतें. ती शेतांत वळते, कुंपणाला घासते, शेवटीं खालीं बसते, आणि तीनदां मार खाते. राबणारा जीव अडला, बसला, 'आज येत नाहीं' म्हणाला, कीं आपला हात प्रथम काठीकडे जातो. त्याला काय दिसलें असावें, हें विचारण्याची बुद्धि नंतर होते. कधीं होतहि नाहीं.

मेंढरांविषयीं थोडेंच सांगतों. धुळें जिल्ह्यांतले ठेलारी मेंढपाळ पावसाळा सरला म्हणजे कळप घेऊन दूरदूर निघतात. शेतकरी खतासाठीं आपल्या शेतांत रात्रीं मेंढ्या बसवितो, आणि सकाळीं कळप पुढें जातो. दोन कळप एका शेतांत मिसळले तरी आपापल्या धन्याची हाळी ऐकून मेंढ्या वेगळ्या होतात. योहानाच्या शुभवर्तमानाचा १० वा अध्याय वाचतांना हें चित्र डोळ्यांपुढें आणावें. पुस्तकांतल्या टीपांपेक्षां तें अधिक समजावितें.

आतां आमच्या दोन विनंत्या आहेत. पहिली अशी कीं, येत्या पोळ्याला फादरांनीं कृपा करून चर्चच्या आवारांत बैलांना आशीर्वाद द्यावा, आणि त्याच वेळीं ज्यांच्या घरीं जो कोणी कामाला असेल त्याला त्यांनीं सोबत आणावें, व त्या दिवसाचें जेवण सर्वांनीं एका पंगतींत घ्यावें. पंगतींत वाढण्याचें काम मालकांनीं करावें, मजुरांनीं नव्हे. दुसरी विनंती नाताळच्या गोठ्याविषयीं. दुकानांत मिळणारा तो प्लास्टरचा तांबूस, परदेशी बैल ह्या वर्षीं कपाटांतच राहूं द्यावा. त्याच्या जागीं आपल्या कुंभारानें घडविलेला मातीचा खानदेशी बैल ठेवावा. उंच शिंगांचा, आणि खांद्यावर घट्टा असलेला. असे बैल पोळ्याच्या आधीं चार दिवसच बाजारांत येतात, तेव्हां तरुण मंडळानें ते वेळेवर घेऊन नाताळपर्यंत उंदरांपासून आणि मुलांपासून जपून ठेवावे. शिंगें फार लवकर मोडतात.