अठराव्या वर्षानंतर कोणाकडे?

हृदयशल्यविशारद, बालहृदयरोगतज्ज्ञ आणि मुलांच्या फाइली घेऊन आलेले आईवडील हो,



गोव्यात पेडणे-डिचोलीकडे आजही म्हणतात, "हृदयाला भोक होतं, लहानपणी बुजवलं." तेवढ्यावर घरच्यांची काळजी मिटते. मुलगी मोठी होते, लग्न होते. पहिल्या बाळंतपणाच्या तपासणीत डॉक्टर छातीवरचा उभा व्रण पाहून विचारतात, "हे कसलं ऑपरेशन?" तिला सांगता येत नाही. ज्यांना ठाऊक होते ते आजोबा राहिलेले नसतात, ऑपरेशनचा कागद घर बदलताना गेलेला असतो.

त्या कागदाचे मोल सांगतो. ज्यात असे भोक असते त्या फॅलोच्या चतुर्दोषाची, आपल्या बोलीत निळ्या बाळाची, पहिली पूर्ण दुरुस्ती अमेरिकेत शल्यविशारद लिलेहाय यांनी १९५४ साली केली. तीत भोक बुजवतात आणि फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट रुंद करतात. रुंद करताना तिथली झडप पुष्कळदा निकामी होते. मग रक्त उलटे गळत राहते आणि हृदयाचा उजवा कप्पा वीस-तीस वर्षे हळूहळू फुगत जातो. माणूस शेतात, खाणीवर राबत असतो. त्याला काही जाणवत नाही. धडधड, चक्कर सुरू होईतो कधी उशीर झालेला असतो. वेळेत कळले तर नवी झडप बसवता येते, २००० सालापासून काहींना मांडीच्या शिरेतूनही. पण छाती पुन्हा उघडायची तर हृदय आतून छातीच्या हाडाला चिकटलेले असू शकते. करवत लावण्यापूर्वी सर्जनला कळायला हवे, पूर्वी ठिगळ कुठे लावले, नळी कुठे बसवली.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून अशी मुले हुडकतो, मात्र अठरा वर्षांपर्यंतच. पुढे बालरोगतज्ज्ञांचा हात सुटतो आणि मोठ्यांच्या ओपीडीत ब्लॉकेजवाल्यांची रांग असते. आपले राज्य अवघ्या बारा तालुक्यांचे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात अशा प्रत्येकाची नोंद ठेवून वर्षातून एकदा त्याला बोलावणे मनावर घेतले तर जमण्याजोगे आहे. सावंतवाडी-दोडामार्गचे रुग्णही तिथेच येतात, त्यांनाही त्या यादीत धरावे. तज्ज्ञांनी इथून उठण्याआधी याची आखणी करावी, ही यजमान म्हणून माझी विनंती. आणि आईवडील हो, फाइलीची एक प्रत मुलाच्या हाती द्या, ऑपरेशनचे नाव त्याच्याकडून पाठ करून घ्या.