यकृत नवे, व्याधी जुनी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा सारांश)



आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान हे चतुर्विध दान जैन परंपरेने श्रेष्ठ मानले आहे. त्यांपैकी औषधदानाचा एक उपेक्षित पैलू आजच्या विषयात दडलेला आहे. यकृताचे, म्हणजेच लिव्हरचे, प्रत्यारोपण यशस्वी झाले की रुग्ण कायमचा व्याधिमुक्त झाला, असा सर्वसाधारण समज आहे. काही रुग्णांच्या बाबतीत हा समज जिवावर बेतू शकतो.

प्रतिकारशक्ती ही शरीराची पहारेकरी. क्वचित हा पहारेकरी घरच्याच माणसांना चोर समजू लागतो. तो यकृताच्या पेशींवर तुटून पडला की त्यास ऑटोइम्यून हिपॅटायटीस म्हणतात. हा आजार संसर्गजन्य नाही आणि मद्यपानातून उद्भवत नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो अधिक आढळतो. लिव्हर बिघडले म्हणजे व्यसन असणारच, असा संशय घेऊन अशा कुटुंबांना दुखावणे ही वाचिक हिंसाच होय.

1963 साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे डॉ. थॉमस स्टार्झल यांनी मानवी यकृताचे पहिले प्रत्यारोपण केले. भारतात 1994 मध्ये अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला आणि 1998 मध्ये दिल्लीत यशस्वी प्रत्यारोपणाचा आरंभ झाला. मात्र नव्या यकृतातही जुना ऑटोइम्यून आजार परततो, अशी नोंद इंग्लंडमधील डॉक्टरांनी 1984 मध्येच केली होती. कारण उघड आहे. यकृत बदलले, पहारेकरी तोच राहिला. या आजारासाठी प्रत्यारोपण झालेल्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्याच्या रुग्णांत काही वर्षांत तो पुन्हा डोके वर काढतो.

हे पुनरागमन बहुधा निःशब्द असते. कावीळ नाही, वेदना नाही. केवळ रक्ततपासणीत एसजीपीटी वाढलेले दिसते. हा जुना आजार की शरीराने नवे यकृत नाकारले, याचा निवाडा बहुधा बायोप्सीनेच होतो. वेळीच ध्यानात आल्यास स्टेरॉइड व अन्य औषधे वाढवून तो बहुतांशी आटोक्यात येतो. दुर्लक्ष झाल्यास नवे यकृतही निकामी होऊ शकते.

येथे आपल्या आचारधर्माचा प्रश्न येतो. टॅक्रोलिमससारखे औषध बहुधा 12 तासांच्या अंतराने दोन वेळा घ्यावे लागते. हिवाळ्यात आपल्याकडे दिवसच सुमारे 11 तासांचा. मग नवकारशी आणि चौविहार पाळणाऱ्या रुग्णाने काय करावे? वेळ स्वतः बदलू नये, मात्रा चुकवू नये. डॉक्टरांना नियम स्पष्ट सांगावा. दिवसातून एकदाच घ्यावयाचा प्रकारही उपलब्ध आहे, तो आपणास चालेल काय, हे विचारावे. पर्युषणातील अठाईसारखी तपश्चर्या वैद्यकीय अनुमतीवाचून करू नये. पाणी कमी पडल्यास मूत्रपिंडांवरही ताण येतो. गुरुमहाराजांपुढे वस्तुस्थिती ठेवल्यास मार्ग निघतो. लपवून केलेल्या तपाने घरच्यांच्या जिवाला मात्र घोर लागतो.

प्रतिकारशक्ती वाढविणारी चूर्णे व काढे अशा रुग्णांस हितकारक नसून घातक ठरू शकतात. 2021 मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृतास इजा झालेल्या 6 रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यास आक्षेप घेतला. तथापि प्रत्यारोपण झालेल्याने असा प्रयोग करू नये, हेच शहाणपण.

शेवटी समाजाचे कर्तव्य. शस्त्रक्रियेसाठी निधी उभारताना समाज भरभरून देतो. पुढे दरमहाची औषधे आणि तपासण्या आजन्म चालू राहतात, त्यांचा भार मात्र कुटुंब एकटे वाहते. पैशाअभावी गोळी चुकली तर पहिले दानही व्यर्थ जाण्याची भीती. व्यापाऱ्यास हे सांगणे न लगे की, चालू खात्याकडे पाठ फिरविता येत नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षात अशा रुग्णांच्या नियमित औषधांसाठी कायम निधी सुरू व्हावा, हीच खऱ्या अर्थाने औषधदानाची परिपूर्ती ठरेल.

जय जिनेंद्र!