हौशी रेडिओची तार आणि तिचा भूसंपर्क



हौशी रेडिओचा विषय निघाला की, प्रक्षेपक किती वॉटचा, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. माझ्या मते तो शेवटी विचारावा. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअर येथून भारती प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोप बाहेर पोहोचविले, ते अशाच हौशी केंद्रावरून. आपत्तीच्या वेळी केंद्र उपयोगी पडते की नाही, हे बव्हंशी छपरावरील तारेवर व तिच्या जोडणीवर अवलंबून असते.

घरगुती केंद्रास अर्धतरंग द्विध्रुव तार सर्वांत भरवशाची. १४३ या संख्येस मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले की तिची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे २० मीटर, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंस दहा-दहा मीटर भरते. आठ-दहा मीटर उंचीवर बांधल्यास बहुतेक शक्ती आकाशाकडे जाते. हा दोष मानू नये. आयनांबरातून परतणाऱ्या लहरी काही शे किलोमीटरच्या टापूत उतरतात आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील संदेशवहनास नेमके तेच हवे असते.

अडचण येते ती केबल जोडताना. तारेच्या दोन्ही भुजा समतोल असतात. ५० ओहमची समाक्ष केबल तशी नसते. म्हणून काही प्रवाह केबलच्या जाळीच्या बाहेरील अंगावरून घरात उतरतो. मग मायक्रोफोनला ओठ लागताच चटका बसतो व शेजारच्या दूरचित्रवाणीवर खरखर उमटते. यावर जोडाच्या ठिकाणी बालून बसवावा, अथवा केबलचे काही वेढे फेराइटच्या कड्यावर घ्यावेत. पुष्कळ जण त्याऐवजी खिडकीतून जमिनीकडे तार सोडतात. परंतु पहिल्या मजल्यावरून वळसे घेत खाली गेलेली दहा मीटरची तार या वारंवारतेस पाव तरंगाची होते. तिचे खालचे टोक जमिनीस टेकलेले असले तरी वरचे टोक लहरींच्या दृष्टीने जमिनीपासून जणू तुटलेलेच राहते. द्विध्रुवास प्रक्षेपणासाठी जमिनीची गरजही नसते.

गरज आहे ती विजेपासून रक्षणासाठी. आपल्याकडे वळीव येतो तेव्हा जमीन वर्षातील सर्वांत कोरडी असते, आणि दख्खनच्या पठारावर हात-दोन हातांवर काळा पाषाण लागतो. तेथे एकच दांडा ठोकण्याचा हट्ट सोडून अनेक आखूड दांडे किंवा आडवी पुरलेली पट्टी वापरावी व माती ओली ठेवावी. केबलची जाळी व तडितरोधक घराबाहेरच या भूसंपर्कास जोडावेत. आणि हा भूसंपर्क घराच्या वीजजोडणीच्या अर्थिंगशी जाड ताम्रतारेने एक करावा. दोन्ही वेगळे ठेवल्यास वीज पडताच त्यांच्यातील दाबाचा फरक यंत्रातून, प्रसंगी माणसातून, वाट काढतो.

एवढे करूनही थेट पडणाऱ्या विजेपुढे यंत्राची शाश्वती नाही. ढग गडगडण्यापूर्वीच केबल काढून बाहेर ठेवावी. तार वा तिचा खांब पडला तरी वीजवाहिनीस शिवणार नाही इतके अंतर मात्र पहिला खड्डा खणण्यापूर्वीच मोजावे, आणि पंचायत सदस्यांनी ते स्वतः उभे राहून मोजून घ्यावे.