विट्याहून कोलकात्याला : हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

दोन शहरांमधील हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून मोजलेले त्यांच्यातील कमीत कमी अंतर होय. पृथ्वीगोलावर त्या दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला असता तो ज्या रेषेवर बसतो तिला बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात, आणि सपाट नकाशावर हीच सर्वांत जवळची वाट बहुधा वाकडी दिसते. या मापाने पुणे व कोलकाता या विमानतळांमधील अंतर सुमारे 1,580 किलोमीटर भरते, तर पुणे ते हावडा हा लोहमार्ग 2,000 किलोमीटरांच्या घरात जातो.

सांगली जिल्ह्यात हा हिशेब घरोघरी मांडला जातो, कारण खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतील कुटुंबे गलाईच्या, म्हणजे जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या, व्यवसायानिमित्त पिढ्यानपिढ्या देशभरातील शहरांत विखुरलेली आहेत. गावी आई आजारी असल्याचा फोन आला, की दूरच्या सराफ बाजारातील मुलापुढे किलोमीटरांचा नव्हे, तर तासांचा प्रश्न उभा राहतो.

ताशी सुमारे 830 किलोमीटर वेगाने पुणे-कोलकाता अंतर दोन तासांच्या आत कापले जावे. तथापि विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा काळ, ज्याला ब्लॉक टाइम म्हणतात, अडीच तासांच्या आसपास असतो, कारण त्यात धावपट्टीपर्यंतची चाल, चढण, उतरण आणि ठरवून दिलेल्या हवाई मार्गांचा वळसा मिळवलेला असतो. त्यात वाऱ्याचाही वाटा असतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून वाहणारा वारा ताशी 100 किलोमीटरचा धरला, तर याच अंतरासाठी पूर्वेकडे जाताना सुमारे 102 मिनिटे आणि परतताना सुमारे 130 मिनिटे लागतात. म्हणजे नेमके गावाकडे येतानाच उशीर होतो. पावसाळ्यात दक्षिण भारतावरील उंचावरच्या वाऱ्याची दिशा उलटते.

मात्र या अर्ध्या तासाची काळजी वाहण्याआधी जमिनीवरचा वेळ पाहिला पाहिजे. याच भागातील विट्याहून कऱ्हाड, सातारा करत पुण्याचा विमानतळ गाठायला सुमारे 200 किलोमीटर रस्ता आहे. त्याला चार-साडेचार तास, विमानतळावर आधी पोहोचण्याचे दोन तास आणि उतरल्यावर सामान घेऊन घरी जाण्याचा तास-दीड तास मिळवला, की अडीच तासांच्या उड्डाणासाठी जवळजवळ अख्खा दिवस जातो. रेल्वेच्या तीस तासांहून अधिक काळापुढे हे फार कमी आहे, यात शंका नाही. पण वाचवता येण्याजोगा वेळ आकाशात नसून महामार्गावर आहे. कऱ्हाडला कोयना प्रकल्पाच्या काळातील धावपट्टी आहे आणि कोल्हापूरजवळ उजळाईवाडीला प्रवासी विमानतळ आहे. कोल्हापूरहून निघाल्यास रस्ता निम्म्यावर येतो. परंतु मध्येच विमान बदलावे लागले आणि पुढच्या विमानासाठी तीन-चार तास थांबावे लागले, तर रस्त्यावर वाचलेला वेळ तेथेच खर्ची पडतो.