विषारी सापांशी मुलांची ओळख

(ग्रंथालयाच्या पालकसभेतील व्याख्यानाचा सारांश)



मराठीचा अध्यापक सापांवर बोलणार, याचे आपणांस नवल वाटले असेल. परंतु शहरातल्या मुलाच्या मनात साप प्रथम शिरतो तो भाषेच्या वाटेनेच. ‘सापाला दूध पाजणे’, ‘डूख धरणे’ हे वाक्प्रचार आपण सहज वापरतो आणि मूल ते खरे मानते. वस्तुतः दूध हे सापाचे अन्न नव्हे. आणि सूड मनात धरण्याइतकी त्याच्या मेंदूची झेप नाही. गारुड्याच्या पुंगीवर नाग डोलतो तो सुरांमुळे नव्हे; समोर हलणाऱ्या पुंगीवर तो नजर ठेवून असतो.

मुलांना चार नावे आवर्जून सांगावीत : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नागाची मादी अंडी घालून त्यांची राखण करते. घोणस पिलांनाच जन्म देते. तिच्या अंगावर साखळीसारखे ठिपके असतात आणि ती कुकरच्या शिटीसारखा फूत्कार टाकते. इवलेसे फुरसे अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करते. हे दोन्ही आवाज म्हणजे ‘दूर राहा’ अशी सूचनाच होय. काळी, पांढऱ्या पट्ट्यांची मण्यार मात्र रात्री निमूटपणे हिंडते, इतर सापांनाही खाते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला तिचा दंश होतो. त्या दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या जड होतात.

ही माहिती केवळ कुतूहलाची नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. सर्वाधिक झळ पोचलेल्या राज्यांत आपला मध्यप्रदेशही आहे. म्हणून मुलांना सांगावे : बिळात, लाकडांच्या ढिगात हात घालू नये; रात्री विजेरीवाचून बाहेर पडू नये. दंश झालाच तर तो अवयव हलवू नये, जखम कापू वा चोखू नये, मांत्रिकाकडे वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. या चारही सापांच्या विषावर चालणारी लस आपल्याकडे आहे. आणि पालकहो, आपण रागावू या भीतीने मुलाने दंश लपवू नये, एवढा विश्वास त्याला द्यावा.

१९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी ७२ विषारी सापांच्या सहवासात ७२ तास काढले. डिवचल्यावाचून साप चावत नाही, हे त्यांना लोकांना पटवायचे होते. पुढे १९८६ साली कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. मुलांना सांगावयाची गोष्ट त्या विक्रमापेक्षा या सर्पोद्यानाची आहे. विक्रमाचे अनुकरण करण्याचा मोह होतो. काचेपलीकडचा साप पाहताना मात्र मूल भयही विसरते आणि अंतरही राखते. सापाची ओळख म्हणजे सापाशी सलगी नव्हे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही साप पकडून बाळगण्यास मनाई केली आहे.

उंदरांवर जगणारा हा प्राणी आमच्या माळव्यातल्या शेतकऱ्याचा सोबती आहे. ग्रंथालयाच्या बालविभागात सापांची सचित्र पुस्तके असावीत, आणि ती पालकांनी मुलांसह वाचावीत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.