पत्ता वाचणें आणि पत्ता बदलणें



कोल्हापुरांत पत्ता सांगण्याची एक ठरीव रीत आहे. अगोदर घराचा नंबर, मग वॉर्डाचें अक्षर, मग पेठ किंवा वसाहत आणि शेवटीं गल्ली. ‘ई वॉर्ड, राजारामपुरी, आठवी गल्ली’ एवढें म्हटलें कीं रिक्षावाला पुढें कांहीं विचारीत नाहीं. १५ ऑगस्ट १९७२ रोजीं टपालखात्यानें या पत्त्याला सहा आंकड्यांचा पिनकोड जोडला. ती योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. हे गृहस्थ दळणवळण मंत्रालयांतले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवि. आंकडे आणि वृत्तें एकाच माणसाला वश असावींत यांत मला तरी नवल वाटत नाहीं. राजारामपुरीचा पिनकोड ४१६००८. पहिल्या चारावरून पत्र आपल्या बाजूच्या विभागांत येतें, ४१६ वरून कोल्हापूरकडे वळतें आणि शेवटच्या तीन आंकड्यांवरून नेमक्या टपालकचेरींत पोंचतें. वाटेंतल्या प्रत्येकानें आपल्यापुरता तुकडा वाचावा आणि उरलेला पुढच्यावर सोपवावा, अशी ही व्यवस्था.

इंटरनेटवरील पानाचा पत्ता, ज्याला यूआरएल म्हणतात, तोही असाच तुकड्यांचा बनलेला असतो. टिम बर्नर्स-ली आणि त्यांचे सहकारी यांनीं त्याचे नियम डिसेंबर १९९४ मध्यें प्रसिद्ध केले. पहिला तुकडा दळणवळणाची रीत सांगतो, दुसरा यजमानाचें नांव, तिसरा त्याच्या घरांतला मार्ग. त्यानंतर प्रश्नचिन्ह आलें तर पुढें नांव आणि मूल्य यांच्या जोड्या येतात. ‘तालुका बरोबर राधानगरी’, ‘दिनांक बरोबर अमुक’ अशा. अगदीं शेवटीं हॅशचें चिन्ह असेल तर त्यापुढचा भाग सर्व्हरकडे जातच नाहीं. तो ब्राउझर आपल्यापाशींच ठेवितो. पुढल्याच वर्षीं, म्हणजे १९९५ त, ब्रेंडन आयक यांनीं नेटस्केप कंपनींत जावास्क्रिप्ट या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. त्या भाषेमुळें पानाला स्वतःचा पत्ता वाचतां येऊं लागला आणि बदलतांही येऊं लागला. आज मला बोलावयाचें आहे तें या दोन क्रियांविषयीं.

विषय रुक्ष वाटेल. म्हणून आधीं घरांतली एक हकीकत सांगतों. माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतों, शाहूपुरींत कुंभार गल्लीच्या बाजूला राहते. ऑगस्ट २०१९ चा पूर आपण विसरलेले नाहीं. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. त्या वर्षीं पाणी ५५ फुटांच्या वर गेलें. पाणी चढत असतांना तिच्या मुलानें पुण्याहून एक पत्ता पाठविला. तालुक्यावार पावसाचें तें पान होतें. कोणाचें, तें सांगण्याचें कारण नाहीं. त्यानें राधानगरी निवडून आंकडे पाहिले, पत्ता उचलला, आईला धाडला आणि फोनवर सांगितलें, “आई, राधानगरीचा पाऊस बघ, आणि सामान माडीवर ने.” अक्कानें पान उघडलें. आंकडा पुष्कळ कमी दिसला. “अरे, एवढा कांहीं नाहीं,” असें म्हणून ती स्वैंपाकाला लागली. राधानगरी धरणाचे दरवाजे धरण भरलें कीं आपोआप उघडतात, आणि तें पाणी भोगावतींतून पंचगंगेस मिळतें, हें तिला माहीत होतें. म्हणूनच ती निर्धास्त राहिली.

तिनें पाहिलेला आंकडा आजऱ्याचा होता. जिल्ह्यांत तालुके बारा. वर्णक्रमानें पहिला आजरा. पान उघडलें कीं यादींतला पहिला तालुका दिसे, आणि त्याचें नांव बारीक अक्षरांत कोपऱ्यांत असे. आजऱ्याची हिरण्यकेशी घटप्रभेला मिळते. तिचा पंचगंगेशीं कांहींएक संबंध नाहीं. अर्धा दिवस असा गेला, आणि खालच्या मजल्यावरचें धान्य व दोन ट्रंका कागदपत्रें गेलीं. भाच्यानें राधानगरी निवडली होती खरी, परंतु ती निवड पानाच्या स्मरणांत राहिली होती, पत्त्यांत उतरली नव्हती. पत्ता एक आणि तालुके बारा, असा तो प्रकार. जें वाचकाच्या डोळ्यांपुढें आहे तें पत्त्यांत असलें पाहिजे, एवढेंच माझें म्हणणें. आतां तें कसें साधतें तें पाहूं.

पत्ता वाचणें हें काम सोपें आहे. ‘विंडो डॉट लोकेशन’ असें लिहिलें कीं पानाचा सबंध पत्ता हातीं येतो; त्यापुढें ‘डॉट सर्च’ जोडलें कीं प्रश्नचिन्हापासूनचा भाग. पूर्वीं हा भाग लोक स्वतः कातरीत बसत, अँडच्या चिन्हावर एकदां आणि बरोबरच्या चिन्हावर दुसऱ्यांदा. आतां ‘यूआरएल सर्च पॅराम्स’ नांवाचें तयार साधन आहे; त्याला ‘गेट’ म्हणून तालुका मागितला कीं तें राधानगरी देतें. मात्र तें जें देतें तें नेहमीं अक्षररूप असतें, पाच मागितले तरी पाच हें अक्षर. आणि ती जोडी पत्त्यांत नसेल तर ‘नल’, म्हणजे कांहींच नाहीं. दुसरें असें कीं पत्ता कोणीही हातानें लिहूं शकतो. त्यांतून आलेलें मूल्य आपल्या बारा नांवांत आहे कीं नाहीं तें ताडून पाहिल्याशिवाय वापरूं नये, आणि तें पानाच्या मजकुरांत जसेंच्या तसें तर कधींच ओतूं नये. त्या वाटेनें परका मनुष्य आपल्या पानांत स्वतःची आज्ञावली चालवितो.

आतां आपल्या मराठीचा प्रश्न, आणि येथें थोडें थांबलें पाहिजे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. तेथें कोल्हापूरचें पान उघडा. वरच्या पट्टींत ‘कोल्हापूर’ असें स्वच्छ देवनागरींत दिसेल. तोच पत्ता उचलून मित्राला पाठवा, पुष्कळदां त्याच्या जागीं टक्क्यांची आणि रोमन अक्षरांची लांबलचक माळ उतरते. लोकांना वाटतें, कांहींतरी बिघडलें. तसें नाहीं. यूआरएलचे मूळ नियम रोमन लिपीच्या मोजक्या चिन्हांपुरते होते. युनिकोडनें १९९१ मध्यें देवनागरीला १२८ घरांची एक आळी दिली. केन टॉम्प्सन आणि रॉब पाईक यांनीं १९९२ मध्यें शोधलेल्या यूटीएफ-८ पद्धतींत तिच्यांतलें प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतें. आणि पत्त्यांत प्रत्येक बाइट टक्का व दोन अक्षरें असा लिहिला जातो. पेन्सिल घेऊन मोजा. ‘कोल्हापूर’ म्हणजे क, ओकार, ल, हलंत, ह, काना, प, दीर्घ उकार, र. चिन्हें नऊ, बाइट सत्तावीस, पत्त्यांतलीं अक्षरें एक्याऐंशीं. त्या माळेंत ‘टक्का ई शून्य’ आणि ‘टक्का ए चार’ किंवा ‘टक्का ए पाच’ हे मणी सारखे दिसतात. ती देवनागरीची खूण समजावी.

ही गुंडाळी करणारें फंक्शन ‘एन्कोड यूआरआय कंपोनंट’, आणि सोडणारें ‘डिकोड यूआरआय कंपोनंट’. एकदां गुंडाळलेलें पुन्हां गुंडाळलें तर टक्क्याचेंच ‘टक्का पंचवीस’ होतें आणि पुढें सगळा गोंधळ. निरोपांत पत्ता मध्येंच तुटला, म्हणजे एखाद्या अक्षराचे तीनांपैकीं दोनच बाइट उरले, तर डिकोड करणारें फंक्शन रुसतें आणि तेथेंच काम थांबवितें. सर्च पॅराम्स तसें करीत नाहीं, अर्धवट अक्षराच्या जागीं एक प्रश्नार्थक चौकट ठेवून पुढें जातें. आणखी एक. सर्च पॅराम्स अधिकचें चिन्ह म्हणजे रिकामी जागा असें समजतें. ‘तांबडा अधिक पांढरा’ असें कोणीं पत्त्यांत हातानें लिहिलें तर मधलें चिन्ह नाहींसें होतें. रश्श्याच्या बाबतींत चालेल. परदेशी फोनक्रमांकाच्या बाबतींत चालणार नाहीं.

सर्वांत कावेबाज अडचण खास मराठी आहे. ‘पायऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनीं टंकितां येतो. कोणी ऱ हें स्वतंत्र चिन्ह वापरतो. कोणी साधा र, हलंत आणि त्यापुढें न दिसणारें एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही पायऱ्या सारख्याच, पत्त्यांत मात्र दोन निरनिराळे शब्द, आणि शोधणाराला एक सांपडते व दुसरी सांपडत नाहीं. जावास्क्रिप्टांत ‘नॉर्मलाइझ’ नांवाची सोय आहे, पण ती या दोन रूपांना एक करीत नाहीं. तें काम पान लिहिणारानेंच, मूल्य पत्त्यांत घालण्यापूर्वीं आणि वाचल्यावरही, एक रूप दुसऱ्याच्या जागीं ठेवून केलें पाहिजे. हें आपल्याखेरीज दुसरें कोणी करणार नाहीं. ज्यांची ही अडचण नाहीं त्यांना ती दिसतही नाहीं.

आतां पत्ता बदलणें. ‘लोकेशन’ला नवा पत्ता दिला तर ब्राउझर उठून तेथें जातो, पान नव्यानें येतें. पुष्कळदां आपल्याला तसें नको असतें. पान जागच्या जागीं राहून पत्ता तेवढा बदलावा असें वाटतें. त्यासाठीं ब्राउझरच्या इतिहासाचीं दोन साधनें आहेत. ‘पुश स्टेट’ नवी नोंद चढवितें. ‘रिप्लेस स्टेट’ चालू नोंद पुसून तिच्याच जागीं नवी लिहितें. वाचकानें एक तालुका सोडून दुसरा निवडला तर पुश करावें, कारण मागें जाण्याचा बाण दाबला कीं पहिला तालुका परत दिसावा अशी त्याची रास्त अपेक्षा असते. शोधाच्या चौकटींत तो अक्षरें टंकीत असेल तर रिप्लेस करावें. नाहींतर ‘गगनबावडा’ लिहिल्यावर बाहेर पडण्यास बाण सात-आठ वेळां दाबावा लागतो. आणि बाण दाबल्यावर ‘पॉप स्टेट’ ही घटना घडते, तिच्याकडे कान देऊन पत्ता पुन्हां वाचावा आणि पान त्याप्रमाणें मांडावें. माझे विद्यार्थी नेमकें हेंच विसरतात. मग पत्ता करवीरचा आणि आंकडे कागलचे.

या साधनांनीं यजमानाचें नांव मात्र बदलतां येत नाहीं. ब्राउझर तेथें साफ नकार देतो. तें योग्यच आहे, नाहींतर कोणतेंही पान आपल्याला बँकेचें म्हणवून मिरवील. तसेंच, पत्ता ही गुप्त जागा नव्हे. तो ब्राउझरच्या इतिहासांत राहतो, सर्व्हरच्या नोंदवहींत उतरतो आणि आपण स्वतः दहा जणांना पाठवितों. संकेतशब्द किंवा फोनक्रमांक त्यांत असूं नये. जाहिरातदारांनीं आपला माग काढण्यासाठीं ‘यूटीएम’ वगैरे शेपट्या जोडलेल्या असतात; त्या ‘डिलीट’ करून मगच पत्ता पुढें धाडावा.

पूर ओसरल्यावर भाच्यानें आपलें स्वतःचें लहानसें पान बनविलें. बारा तालुके, पावसाचे आंकडे, आणि निवड बदलली कीं पत्त्यांत तालुका व दिनांक ‘सेट’ करणाऱ्या चार ओळी. जुलै २०२१ मध्यें पाणी पुन्हां चढूं लागलें तेव्हां त्यानें राधानगरीचा पत्ता आईला पाठविला. अक्कानें तो उघडला, तालुक्याचें नांव दोनदां मोठ्यानें वाचलें, आणि धान्याचे डबे माडीवर चढविण्यास माणसें बोलाविलीं. मग तोच पत्ता तिनें गल्लींतल्या चार घरांना धाडला. चारही घरांत राधानगरीच उघडली.