पस्तीस पट लहान रणगाडा आणि मामांचा एक प्रश्न

आजचा भाग माझ्या टेबलावरच्या एका रणगाड्याबद्दल आहे. लांबी साधारण बावीस सेंटिमीटर, रुंदी दहाला जरा कमी. प्लास्टिकचा. लहान मुलांचं खेळणं म्हणा, चालेल. आमच्या घरात पहिली दोन वर्षं तेच म्हणायचे. पण हा रणगाडा करताना मला एक गोष्ट शिकायला मिळाली आणि ती हातकामाच्या पुस्तकात नव्हती. ती सांगायची म्हणून आज माइकसमोर बसलोय.

आधी हे स्केल मॉडेल म्हणजे काय ते बघू. खरं सांगू का, महाराष्ट्रातल्या पोरांना हे शिकवावं लागत नाही. दिवाळीत आपण किल्ला करतो ना, तेच. माती, दगड, गोणपाट, वर मोहरी पेरायची, दोन दिवसांनी हिरवं गवत. फक्त आपल्या किल्ल्यावर एक गंमत असते. महाराज सिंहासनावर, त्यांच्या शेजारी त्यांच्याहून मोठा वाघ, आणि दरवाजावरचा मावळा दरवाजापेक्षा उंच. लहानपणी आपल्याला चालतं. स्केल मॉडेलमध्ये तेवढंच चालत नाही. सगळं एकाच मापानं लहान झालं पाहिजे.

रणगाड्यांचं जगभर चालणारं माप म्हणजे १:३५, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसावा भाग. हा आकडा कुठून आला त्याची गोष्ट मजेदार आहे. जपानच्या तामिया कंपनीनं साठच्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं. त्यात मोटर आणि बॅटऱ्या बसायला हव्यात म्हणून त्यांनी बॉडी तेवढी मोठी केली. नंतर मोजून बघितलं तर माप निघालं साधारण पस्तिसावा भाग. मग तेच रूढ झालं. म्हणजे ही मोजमापाची एवढी काटेकोर दुनिया उभी आहे बॅटरीच्या साइझवर!

मी निवडला सेंच्युरियन. ब्रिटिश बनावटीचा, आपल्या सैन्यानं १९६५ आणि १९७१ अशा दोन्ही युद्धांत वापरलेला. वजन पन्नास टनांच्या वर, आत चार माणसं: कमांडर, गनर, लोडर आणि ड्रायव्हर. इंजिन रोल्स रॉइसचं मिटिऑर, विमानाच्या मर्लिन इंजिनावरून केलेलं, पेट्रोलवर चालणारं. पेट्रोल हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि सेंच्युरियनमधलाही एकच ठरावीक रणगाडा मला करायचा होता. त्याचं नाव फामागुस्ता. १७ पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा. ही रेजिमेंट १८१७ सालची, पुण्याच्या नावाची. खेत्रपालांचा जन्मही पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५०. जून १९७१ मध्ये ते अधिकारी झाले आणि १६ डिसेंबर १९७१ ला शकरगड भागातल्या बसंतरच्या लढाईत गेले. नोकरी सहा महिन्यांची, वय एकवीस. मरणोत्तर परमवीर चक्र.

आता कामाचं बोलू. पेटी उघडली की आत प्लास्टिकच्या फ्रेमी असतात आणि त्यांना शेकडो तुकडे चिकटलेले. निपरनं एकेक तुकडा कापायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, मग चिकटवायचा. हा गोंद साधा नसतो. तो प्लास्टिक जरा विरघळवतो आणि दोन तुकडे एकजीव करतो. त्यामुळे एकदा चुकलं की चुकलं. माझा पहिला चाकांचा संच वाकडा बसला होता. एका बाजूला सहा चाकं, त्यातलं एक अधांतरी. टेबलावर ठेवलं की लंगड्या खुर्चीसारखं डुगडुगायचं.

मग आपलं सोलापूर आडवं आलं. परदेशी व्हिडिओत सांगतात, रंग एअरब्रशनं मारा, दहा इंचांवरून नको, जवळून मारा, छान बसतो. मी मे महिन्यात दुपारी मारला. बाहेर त्रेचाळीस! रंग नळीतून निघाला तो प्लास्टिकपर्यंत पोचेस्तोवर हवेतच वाळला. हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत. बरं, आम्ही राहतो साखर पेठेत, आजूबाजूला यंत्रमाग. दिवसभर खटखट आणि हवेत सुताची बारीक लव. ती बरोबर ओल्या रंगावर येऊन बसायची. एका रात्री चिमट्यानं रणगाड्यावरून मी सोलापुरी चादरीचं सूत काढत बसलो होतो. बायको म्हणाली, "काय हो, रणगाडा विणताय की काय?"

त्यातून निघालेली युक्ती सांगतो, इथल्या मंडळींना उपयोगी पडेल. रंगकाम पहाटे पाचला. माग सुरू व्हायच्या आत. आधी फरशी ओल्या फडक्यानं पुसायची, म्हणजे लव खाली बसते. रंगात वाळणं लांबवणारं द्रव्य दोन थेंब. आणि रंग मारला की लगेच वर पातेलं पालथं. हो, स्वयंपाकघरातलं पातेलं. विनोद नाही, याच्यापेक्षा चांगली धूळबंद पेटी मला मिळाली नाही.

आता वजनाचं. खरा रणगाडा एक्कावन्न टनांचा धरला आणि तो पस्तिसावा भाग केला तर वजन किती? पुष्कळ जण ५१ भागिले ३५ करतात. तसं नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही कमी झाल्या, म्हणून तीनदा भागायचं. ३५ गुणिले ३५ गुणिले ३५, म्हणजे ४२,८७५. उत्तर येतं सव्वा किलोच्या आत. पण प्लास्टिकचं मॉडेल त्याच्याहून पुष्कळ हलकं. त्यामुळे ते जमिनीवर नुसतं ठेवलं तर तरंगल्यासारखं दिसतं. जडपणा आपल्याला दाखवावा लागतो. पट्टा थोडा मातीत रुतवायचा, मागं खोल चाकोरी, कडेला दाबून वर आलेली माती. बघणाऱ्याला कळत नाही का ते, पण डोळा म्हणतो, हां, हे जड आहे.

माती म्हटल्यावर मामांचं आलं.

माझे मामा मोहोळजवळच्या गावचे. फौजेत होते, रणगाड्यावर ड्रायव्हर. ७१ च्या युद्धानंतर भरती झाले, त्यामुळे ती लढाई त्यांनी पाहिलेली नाही. त्यांची गाडी टी-५५. रणगाड्याला ते कधी रणगाडा म्हणत नाहीत, गाडीच म्हणतात. एका कानानं कमी ऐकू येतं. का, ते आम्ही कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मी बेसवर शेतातली माती आणून पसरली होती. चहाच्या गाळणीतून गाळली, तव्यावर भाजली, पातळ फेव्हिकॉलमध्ये बसवली. मोठ्या अभिमानानं दाखवायला गेलो. मामांनी चष्मा लावला, वाकून बघितलं आणि म्हणाले, "अरे, ही काळी माती आपल्याकडची आहे की. पंजाबात कुठली ही? तिकडं नदीनं आणलेली गाळाची माती, फिकी." 

खरं होतं. सगळं खरवडून काढलं. माती आपलीच ठेवली, पण वर फिकट तपकिरी-राखाडी रंगाची पूड चढवली.

त्यानंतर मी नगरला गेलो. आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच येतं. सोलापूरहून टेंभुर्णी, करमाळा करत जायचं. तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ पासून आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातली रोल्स रॉइसची चिलखती गाडी आहे, जपानी रणगाडे आहेत, ६५ आणि ७१ मध्ये पाकिस्तानकडून घेतलेले पॅटन आहेत. मी वही घेऊन सेंच्युरियनच्या भोवती फिरलो. वेल्डिंगचे जोड कसे जाडेभरडे आहेत, रंग पायाखाली कुठं झिजतो, ड्रायव्हरचं झाकण कसं दोन पाळ्यांचं आहे. हे फोटोत कळत नाही. फामागुस्ता स्वतःही नगरलाच, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये ठेवलेला आहे. लढाईनंतर तो पाकिस्तानच्या हाती पडला होता, नंतर परत मिळाला.

परत आल्यावर मी ठरवलं, आपण लढाईचा शेवट दाखवायचा. बसंतर ओलांडून आपलं पायदळ पलीकडं गेलेलं, पाकिस्तानचे पॅटन चालून आलेले. फामागुस्ताला गोळा लागला, पेट घेतला. रणगाडा सोडा असा हुकूम आला. खेत्रपालांनी तोफ चालू आहे म्हणून सोडायला नकार दिला आणि लढत राहिले. शेवटचा गोळा लागला तो त्यानंतर. यापेक्षा मोठा प्रसंग कुठला? मी तापलेल्या सुईनं बुरुजाला भोक पाडलं, कडा वितळवल्या. काजळी केली. कापूस काळा रंगवून धूर केला, खाली मिणमिणता लाल दिवा. आमच्या पेठेतल्या गणेश मंडळानं हॉलमध्ये ठेवायला मागितलं होतं. पोरं बघून म्हणाली, "भारी बे! एकदम पिक्चरसारखं!"

मामा आले. दिवा लावून दाखवला. ते काही बोलले नाहीत. बराच वेळ नुसतं बघत होते. मग बोट पुढं केलं. भोकाकडं नाही, धुराकडं नाही. पुढं, खाली, ड्रायव्हरच्या झाकणाकडं. ते मी बंद चिकटवलं होतं. बंद दिसायला नीट दिसतं म्हणून.

म्हणाले, "आतले बाहेर आले का?"

मंडळी, या रणगाड्यावर मी आठ महिने काम केलं होतं. कुठला बोल्ट कुठं, ते मला पाठ होतं. आणि हा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

म्हटलं, "दोघं आले मामा. दोघं नाही आले."

"नावं माहितीयेत?"

"सवार नंद सिंग गेले. आणि खेत्रपाल साहेब. गनर नथू सिंग आणि ड्रायव्हर प्रयाग सिंग वाचले."

"ड्रायव्हर वाचला," एवढंच म्हणाले. मग पाणी मागितलं.

जाताना दारात चपला घालता घालता म्हणाले, "पेट्रोलची गाडी होती ना ती. आम्ही ट्रेनिंगला असताना एकच शिकवायचे, झाकण डोळे मिटून उघडता आलं पाहिजे. तू ते चिकटवून टाकलंस." रागानं नाही म्हणाले. एखाद्यानं कडी उलटी बसवली तर सांगतात ना, तसं.

मला त्या रात्री झोप नाही आली. दुसऱ्या दिवशी मी धूर काढला, दिवा काढला. बुरुजाच्या भोकात पुट्टी भरली, घासली, परत रंगवलं. झाकणाच्या दोन्ही पाळ्या ब्लेडनं सोडवल्या. एक तुटली, ती नवीन केली. आणि देखावा बदलला. आता तो लढाईच्या आदल्या दिवशीचा आहे. असा क्षण कुणी टिपून ठेवलेला नाही, तो माझ्या मनातला आहे, तसं पाटीवर लिहिलंय. रणगाडा उभा आहे. ड्रायव्हर पट्ट्याशी बसलाय, कारण मामा म्हणाले, गाडी थांबली की ड्रायव्हर आधी खाली उतरून पट्टाच बघतो. एक जण स्टोव्हवर चहा करतोय. एक जण वर बसून कानाचं यंत्र पुसतोय. आणि एक पोरगेला अधिकारी मग हातात घेऊन उभा. झाकणं सगळी उघडी.

गणपतीत ठेवला. खरं सांगायचं तर गर्दी कमी झाली. धुराचा असता तर रांग लागली असती. मंडळाचा एक कार्यकर्ता कुरकुरला, "काका, यात काही होतच नाही की!" त्याचंही बरोबर आहे. काहीच होत नाही. पण पाटीवर चार नावं आहेत, हुद्द्यासकट, आणि पुढं कोण परत आलं ते. पाचवी-सहावीतली एक मुलगी ती नावं मोठ्यानं वाचत एकेका माणसाला बोट लावत होती, हा कुठला, हा कुठला. काचेवर तिच्या बोटांचे ठसे उमटले. एरवी मी काच लगेच पुसतो. त्या दिवशी नाही पुसली.

ज्यांना हे काम सुरू करायचंय त्यांना शेवटचं सांगतो. पहिली किट महागडी घेऊ नका. रंग पहाटे मारा. पट्टा तारेसारखा ताणू नका, वजनानं थोडा झुकू द्या. शोकेस काचेचीच करा, सोलापुरात धूळ कुणाला सोडत नाही. आणि काही चिकटवायच्या आधी एकदा विचार करा, इथून कुणाला बाहेर यायचं होतं का.

मामा आता आले की रणगाड्याजवळ खुर्ची ओढून बसतात. परवा म्हणाले, चहाचं भांडं फार मोठं झालंय, चौघांना एवढं लागत नाही. मोजून बघितलं. बरोबर बोलले. पस्तिसाव्या भागाच्या मापात ते भांडं बादलीएवढं होतंय. आज पहाटे नवीन करायला घेतलंय.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.